गोठ्यामागची जुनी जीप घरच्या घरी पुन्हा रस्त्यावर आणताना

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात फिरताना जरा आजूबाजूला नजर टाकली, की एखादी जीप दिसतेच. कांद्याच्या चाळीला टेकून उभी, हुडाच्या चिंध्या झालेल्या, सीटवर कोंबडीने अंडी घातलेली. चौकशी केली की उत्तर ठरलेलं असतं, "वडिलांची आहे, विकायची नाही." आणि चार-पाच वर्षांनी तीच जीप किलोच्या भावाने भंगारात जाते.

माझी महिंद्राची एमएम ५४० जीप मामांच्या द्राक्षबागेच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी होती. ती मी नाशिकला घराच्या अंगणात आणली आणि रविवार, सणाच्या सुट्ट्या, कधी रात्रीचे दोन तास असं करत तीन वर्षांत रस्त्यावर काढली. मी मेकॅनिक नाही. त्या तीन वर्षांत ओळखीतल्या आणखी काही लोकांनीही जुन्या जीपा घेतल्या होत्या. त्यातल्या ज्या अर्धवट राहिल्या, त्या गंजाने राहिल्या नाहीत. पहिल्याच महिन्यात उत्साहाच्या भरात सगळी गाडी सुटी केली, बॉडी एका कोपऱ्यात, इंजिन दुसऱ्या कोपऱ्यात, नट-बोल्ट एकाच बादलीत, आणि मग जोडायला बसायचा दिवस उजाडलाच नाही.

म्हणून नवीन माणसाला मी सगळ्यात आधी हे सांगतो: एका वेळी एकच भाग उघडा. तो दुरुस्त करा, परत बसवा, तपासा, मगच पुढच्याला हात लावा. जीप शक्यतो कायम चार चाकांवर आणि ढकलता येईल अशी राहू द्या. खाली दिलेला क्रम याच हिशेबाने आहे.

समोर उभी आहे ती नेमकी कोणती?

महिंद्रा कंपनी १९४५ साली लुधियानात सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत मुंबईत माझगावला अमेरिकन विलीज जीपची जुळणी होऊ लागली. आपल्याकडे शेतात आणि सरकारी खात्यांत भरपूर वापरली गेली ती सीजे-३बी. उंच बॉनेटवरून ती लांबूनच ओळखू येते. या गाडीच्या २.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याला जागा द्यायला बॉनेट वर उचलावं लागलं. पुढे डिझेलचे दिवस आले. एमएम ५४० मध्ये प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन आहे. सीजे-३बीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ८० इंच, ५४०चा ९१ इंच. टेप लावला की फरक लगेच कळतो.

पण आपल्या भागातल्या जीपांचं इंजिन मूळचंच असेल याची खात्री नाही. पेट्रोल महाग झालं तेव्हा कित्येकांनी डिझेल इंजिनं बसवून घेतली. म्हणून स्पेअर पार्टच्या दुकानात मॉडेलचं नाव सांगण्याआधी इंजिनावरची पाटी आणि नंबर वाचा. देवळाली कॅम्पमुळे नाशिककरांना लष्करातली जोंगा जीपही ओळखीची आहे. लिलावातली जोंगा किंवा जिप्सी हाती आली असेल तर सुटे भाग वेगळे लागतील, कामाचा क्रम मात्र हाच.

पैसे देण्याआधी कागद

मालक भला आहे, नात्यातला आहे, म्हणून कागद नंतर बघू असं करू नका. चासीवर ठोकलेला नंबर पॉलिश पेपरने हलकासा स्वच्छ करा, वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा आणि उमटलेला नंबर आरसी बुकाशी एकेक अक्षर जुळवा. इंजिन नंबरही तसाच. हे दोन नंबर जुळत नसतील तर जीप कितीही देखणी असो, सोडून द्या.

खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५. मालक हयात असेल तर नावबदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, वारला असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. घरातल्या सगळ्या वारसांच्या संमतीचं काम आधी करून घ्या, जीप चकचकीत झाल्यावर भाऊबंदकी जागी होते. पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर लागतो, १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवावी लागते. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते, म्हणून तो टप्पा सगळं काम झाल्यावर येईल. पण नंबर जुळतात का आणि मागचा दंड किंवा कर्जाचा बोजा आहे का, हे आजच बघा.

गाडी ५० वर्षांवरची असेल तर २०२१च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. ज्याला जीप घेऊन त्र्यंबकला, वणीला जायचं आहे त्याने साधी नोंदणीच ठेवावी असं माझं मत आहे.

आणि रंगाचं आत्ताच सांगून ठेवतो. जीप म्हटली की सगळ्यांच्या मनात लष्करी हिरवा रंग येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना आहे. बाकी कुठलाही रंग निवडा, आणि तो आरसीतल्या रंगापेक्षा वेगळा असेल तर आरटीओत नोंद करा.

जागा आणि हत्यारं

जागा कोरडी, सपाट आणि फरशीची किंवा कोब्याची हवी. मातीत जॅक रुततो. वरती पत्र्याचं छप्पर नसेल तर जूनच्या आधी जाड ताडपत्री बांधा. नाशिकचा पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही, पण हवा चार महिने दमट राहते आणि उघडा पत्रा एका रात्रीत लालसर होतो.

जॅक फक्त उचलण्यासाठी. उचलल्यावर गाडी लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवायची आणि मगच खाली जायचं. विटा, सिमेंटचे ठोकळे, लाकडाचे ओंडके यांच्या भरवशावर कोणी झोपू नये. वीट आधी इशारा देत नाही, एकदम फुटते. दुसरी गोष्ट जीपपुरती खास आहे: या जुन्या जीपांत हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे दुसरं चाक मोकळं फिरू शकतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय जॅक मारू नका.

पाने दोन्ही मापांचे लागतील. विलीजच्या वंशातली चासी इंचात आणि नंतरचं डिझेल इंजिन मिलिमीटरमध्ये, असा प्रकार असतो. जवळपास बसतो म्हणून चुकीचा पाना लावला की बोल्टाचं डोकं गोल होतं आणि पाच मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार जाते. रिंग पाने, सॉकेट सेट, टॉर्क रेंच, वायर ब्रश, ग्रीस गन, मल्टिमीटर एवढ्यावर सुरुवात होते.

वही ठेवा. मोबाइलवर फोटो तर काढालच, पण "हा वॉशर आतून, गोल बाजू पत्र्याकडे" हे फोटोत दिसत नाही. प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात आणि डब्यावर तारीख व भागाचं नाव. शक्य असेल तिथे बोल्ट काढल्या जागीच दोन आटे फिरवून ठेवा, ते सगळ्यात उत्तम.

धुवा आणि टोचून बघा

पहिला दिवस फक्त धुण्याचा. खालून, चाकांच्या कमानीतून, चासीच्या पोटातून माती निघेपर्यंत. वाळल्यावर जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि संशय येईल तिथे टोचा. चासीला छोट्या हातोडीने टकटक करत चला. चांगलं लोखंड टणटण वाजतं, कुजलेलं भद्द आवाज करतं. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, मागची आडवी पट्टी आणि बॉडी जिथे चासीवर बसते त्या जागा नीट बघा.

बागायती पट्ट्यातल्या जीपांचं एक वेगळं दुखणं आहे, ते दुसरीकडे सहसा दिसत नाही. मामांच्या जीपचा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा ठणठणीत होता, पण मागचा, सामान ठेवायचा पत्रा चाळणी झाला होता. मी तो खरवडला तेव्हा गंजाच्या थरात मधेमधे तांबूस चकचकीत डाग दिसले. ते तांबं होतं. वर्षानुवर्षं त्या जागी मोरचुदाच्या गोण्या आणि बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचे) ड्रम ठेवले गेले होते. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते ओल्या लोखंडाला लागलं की लोखंड विरघळतं आणि त्या जागी तांबं बसतं. युरिया, पोटॅश ही खतं हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यानेही पत्रा कुजतो. असा पत्रा वरून घासून रंगवला तर वर्षभरात फुगतो. तो कापून काढावाच लागतो. म्हणून शेतावरची जीप घेताना मागच्या भागातली चटई उचलून बघा आणि किंमत त्यावर ठरवा.

चासीला बारीक गंज असेल तर घासून चालतं. तडा असेल किंवा लोखंड पातळ झालं असेल तर ते काम चांगल्या वेल्डरला द्या, पण नंबर ठोकलेल्या जागेच्या जवळपास आर्क फिरवू देऊ नका.

आधी ब्रेक

सगळ्यांचा हात पहिल्यांदा इंजिनाकडे जातो. ते स्वाभाविक आहे. पण इंजिन सुरू झालं की गाडी हलवण्याचा मोह आवरत नाही, आणि अकरा वर्षं उभ्या जीपला ब्रेक नसतात. म्हणून ब्रेक आधी.

चाकं काढताना एक सांभाळा. जुन्या जीपांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असू शकतात. त्यांच्यावर 'एल' अशी खूण असते. नट सुटत नाही म्हणून पाइप घालून नेहमीच्या दिशेने जोर लावला तर स्टड तुटतो. ड्रम निघत नसेल तर अ‍ॅडजस्टर फिरवून ब्रेक शू आत घ्या, मग कडेने लाकडी हातोडीने ठोका. ड्रममधली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या.

चारही व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर उघडा. आतली भिंत आरशासारखी असेल तर फक्त रबर किट बदलून भागतं. नखाला खड्डे लागत असतील तर सिलिंडरच नवा घ्या. रबरी होस दिसायला कितीही चांगले असोत, बदला. आतून फुगून ते बंद होतात आणि ब्रेक एकदा लागला की सुटत नाही. लोखंडी नळ्या गंजल्या असतील तर ब्रेकच्याच नळ्या घ्या, फ्रिजवाल्याची तांब्याची नळी नको. ती सततच्या थरथरीने कडक होऊन चिरते.

या जीपांच्या ब्रेकची एकच लाइन असते. आजच्या गाड्यांसारखे दोन स्वतंत्र भाग नाहीत. एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर शंभर रुपये वाचवायला जुना होस परत बसवण्याचा विचार मनात येणार नाही.

ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलं डॉट ३ किंवा डॉट ४. उघडा डबा हवेतलं पाणी ओढतो, म्हणून मागच्या वर्षीचा उरलेला वापरू नका. चुकूनही इंजिन ऑइल किंवा डिझेल त्यात पडलं तर सगळी रबरं फुगतात. आणि ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

मग हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक पहिलं: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. याला दोन माणसं लागतात. माझ्या वेळी आई ड्रायव्हरच्या जागेवर बसली होती आणि मी मागच्या चाकाखाली, निपलला (हवा काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून, नळीचं दुसरं टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवून.

"आई, दाब. धरून ठेव. सोडू नको."

"धरलंय रे."

निपल पाव आटा सैल केला की आधी फुस्स करत हवा, मग गुळाच्या चहासारखं तपकिरी ऑइल, मग बुडबुडे. निपल बंद, "आता सोड." पुन्हा दाब. सोडताना निपल बंद असलाच पाहिजे, नाहीतर हवा उलटी आत जाते. वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका. चौथ्या चाकाला आई म्हणाली, "आता पायाला दगड लागल्यासारखं होतंय." पेडल तसंच कडक लागलं पाहिजे. नंतर पूर्ण जोर लावून पेडल एक मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय, शोधा.

इंजिन: घाई केली की खर्च वाढतो

बॅटरी लावून सेल्फ मारू नका. ट्रॅक्टरला बांधून ओढून तर मुळीच नाही. बरीच वर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरच्या भिंतीला धरलेल्या असतात, जोराने फिरवलं की रिंग तुटते आणि भिंतीवर ओरखडा येतो.

एअर क्लीनर उघडा, आत उंदराचं घरटं असतं. जुनं ऑइल काढा. ते दुधाळ असेल तर त्यात पाणी गेलंय. रेडिएटरचं पाणी काढा. मग नोझल (डिझेलचा फवारा मारणारे इंजेक्टर), पेट्रोल असेल तर प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइलचं मिश्रण चमचा-दोन चमचे सोडा. चार दिवस थांबा, रोज थोडं घाला. मग क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून हाताने हलवून बघा, थोडं पुढे, थोडं मागे. माझं इंजिन सातव्या दिवशी केसभर हललं. त्या दिवशी तेवढंच पुरे. दुसऱ्या दिवशी पाव फेरा, मग पूर्ण. हलल्यावर नोझल काढलेल्याच ठेवून सेल्फने फिरवा, म्हणजे आत राहिलेलं मिश्रण बाहेर फेकलं जातं. ते डोळ्यांत जाणार नाही अशा बाजूला उभे राहा. याच वेळी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. एकूण आकड्यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. तीन सारखे आणि एक खूप कमी असेल तर रोग त्या एकात आहे.

नोझल आणि डिझेल पंप घरी उघडू नका. ते पंप-नोझलवाल्याकडे कॅलिब्रेशनला द्यायचं काम आहे. डिझेलची टाकी काढून धुवा, तळाशी काळी शेवाळासारखी घाण असते. टाकीला भोक असेल तरी घरी वेल्डिंग करू नका, रिकाम्या टाकीतली वाफही स्फोट करते. सुरुवातीला स्वच्छ कॅनमधून नवी नळी टाकून इंजिनाला डिझेल द्या. फिल्टर नवा, हँड पंप मारून फिल्टरवरच्या स्क्रूतून हवा काढा, मग नोझलच्या नळ्या सैल करून. इंजिन फिरत असताना नोझलच्या तोंडासमोर हात नेऊ नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो आणि जखम दिसते त्यापेक्षा कितीतरी गंभीर असते.

पहिल्यांदा सुरू करताना शेजारी लाकडाची सपाट फळी ठेवा. जुन्या पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकलेला असेल तर डिझेल इंजिन आपोआप वेग घेत जातं आणि चावी किंवा स्टॉप केबल काहीच करत नाही. अशा वेळी हवेच्या तोंडावर फळी दाबून धरायची, हवा बंद झाली की इंजिन बंद. तळहात लावू नका. हे मी घाबरवायला सांगत नाही, फळी जवळ असली की मन शांत राहतं.

प्यूजोच्या या इंजिनाला हीटर प्लग लागतात. निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे ते नसतील तर इंजिन फक्त फिरत राहील. सुरू झाल्यावर आधी ऑइल प्रेशर बघा, काही सेकंदांत आलं नाही तर बंद. पांढरा धूर गरम झाल्यावर जात असेल तर काळजी नाही. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गास्केट.

बोअर-पिस्टनचं काम निघालंच तर सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिककर नशीबवान आहे. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, स्लीव्ह, सगळं जवळपास होतं. पण क्रम पाळा: आधी पिस्टन आणि बेअरिंग शेल विकत घ्या, हातात आल्यावरच त्या मापाला मशिनिंग करायला द्या. मी क्रँक आधी दिला. न विचारता तो पुढच्या मापाला घासून आला आणि त्या मापाचे शेल शोधण्यात माझे अडीच महिने गेले. मशिनिंगनंतर मोजलेल्या मापांची चिठ्ठी मागून घ्या.

पाटे, स्टिअरिंग, फोर व्हील

पाट्यांचे बुश आणि शॅकल नवे टाका, पाटे सपाट झाले असतील तर पुन्हा बाक देऊन घ्या. हे काम करणारे कारागीर ट्रकच्या गॅरेजांच्या आसपास हमखास सापडतात. सुटे करण्याआधी पाट्यांचा क्रम रंगाने खुणा करून ठेवा. यू-बोल्ट जुने परत वापरू नका.

स्टिअरिंगमध्ये खेळ असेल तर लगेच बॉक्सला दोष देऊ नका. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली बसून एकेका बॉल जॉइंटवर हात ठेवायचा. कुठे हात आधी हलतो आणि पुढचा भाग उशिरा, तो जोड गेलेला. पुढच्या चाकांच्या गोळ्यातून ग्रीस बाहेर येत असेल तर आतलं फेल्ट आणि सील बदला. किंगपिनचं बेअरिंग याच वेळी तपासा, पुढे रस्त्यावर स्टिअरिंग थडथडायला लागलं की कारण बहुतेक वेळा तिथेच निघतं.

गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, दोन्ही डिफरन्शियल: ऑइल काढा, चुंबकावरचा भुगा बघा, नवं भरा. पिठासारखा भुगा चालतो, तुकडे नाही. फोर व्हील लागतो का हे मातीत तपासा. या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून वळवली की सगळ्या गिअरांवर ताण येतो आणि दांडा परत सुटत नाही. लो गिअर नेहमी फोर व्हील लावल्यावर आणि गाडी थांबवून.

टायर ६.००-१६ मापाचे, सहज मिळतात. जुन्यांवरची नक्षी भरपूर असली तरी बाजूला ठोकलेला चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. भेगा असतील तर नवे.

वायरिंग

जुन्या वायरिंगला ठिगळं लावत बसू नका. उंदरांनी कुरतडलेली, तीन मालकांनी जोडलेली वायर आग लावते. नवी हार्नेस टाका, प्रत्येक लाइनला फ्यूज, हेडलाइटला रिले. इंजिन ते चासी आणि बॉडी ते चासी अशा दोन जाड अर्थ वायरी खरवडलेल्या लोखंडावर घट्ट बसवा. दिवा मंद जळतो, सेल्फ अडखळतो, काटा नाचतो, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा अर्थमध्येच असतं.

पत्रा आणि रंग, सगळ्यात शेवटी

छोट्या भागांचा गंज काढायला घरगुती उपाय फार चांगला आहे. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बारा व्होल्टच्या चार्जरची ऋण वायर गंजलेल्या भागाला आणि धन वायर भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. रात्रभरात गंज काळ्या चिखलासारखा सुटतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बादली उघड्यावर ठेवा, कारण हायड्रोजन निघतो. आणि स्प्रिंग, पाटे, कडक केलेले बोल्ट यात बुडवू नका, ते ठिसूळ होतात.

कुजलेला पत्रा कापून त्याच जाडीचा नवा तुकडा वेल्ड करा. भोकावर लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारणं म्हणजे गंजाला पांघरूण घालणं. हरियाणातल्या मंडी डबवालीहून तयार बॉडी मागवता येते, स्वस्तही पडते. माझं मत विचाराल तर जुन्या बॉडीचा निम्मा पत्रा शाबूत असेल तर तीच वाचवा. मामांच्या जीपच्या डाव्या कडेला द्राक्षाच्या क्रेटने पडलेला एक लांबट चेपका आहे, तो मी मुद्दाम ठेवलाय. गाडीची लांबी-रुंदी, सीटची संख्या, इंजिनाचा प्रकार बदलायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. मूळ रूपात राहिलात तर आरटीओतही सरळ जातं.

रंगाला दसरा गाठायचा नाही. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची सगळ्यांचीच इच्छा असते आणि त्या नादात सप्टेंबरच्या दमट हवेत रंग मारला जातो. तो पांढुरका पडतो, नंतर पापुद्रे सुटतात. पूजा प्रायमरवरच करा. रंग दिवाळीनंतर, नाशिकची हवा कोरडी झाली की, सकाळी दव वाळल्यावर. उघड्या लोखंडावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर लागला पाहिजे. वरचा रंग घरी देणार असाल तर सिंथेटिक इनॅमल, चांगल्या ब्रशने दोन पातळ हात. जीपला ते शोभतं आणि पुढे ओरखडा पडला तर तिथल्या तिथे भरता येतं. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, साध्या मास्कने ते अडत नाहीत आणि दमा कायमचा लागू शकतो. तसा रंग हवाच असेल तर बूथ असलेल्या पेंटरकडे द्या.

पहिल्या फेऱ्या

नोंदणी आणि विमा चालू झाल्यावरच रस्ता. तोपर्यंत शेतात किंवा मोकळ्या मैदानात, पहिल्या गिअरमध्ये, दहा-दहा फुटांवर ब्रेक दाबून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या चाकांचे शू पुन्हा सेट करा.

रस्त्यावरची पहिली फेरी सकाळी लवकर, गंगापूर रोडने धरणाच्या बाजूला किंवा सपाट असा कुठलाही ओळखीचा रस्ता. पाच किलोमीटरवर थांबा आणि चारही ड्रमजवळ तळहात न्या. तिघे कोमट आणि एक तापलेला असेल तर तिथला शू चिकटतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. चाकांचे नट तिथेच पुन्हा आवळा. घरी आल्यावर खाली पुठ्ठे टाकून रात्रभर ठेवा, सकाळी कुठल्या जागी थेंब पडलाय त्यावरून सील शोधता येतं. कसारा घाट आणि सप्तशृंगीगडाचा घाट निदान पाचशे किलोमीटर होईपर्यंत नको, आणि उतरताना ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा.

पाचशे किलोमीटरला इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, हेडचे बोल्ट कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कला तपासा, पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा, सगळ्या निपलांना ग्रीस मारा. माझ्या जीपचं हे काम मी मामांच्या शेडमध्येच केलं. मामा ग्रीस गन हातात घेऊन खाली बसले आणि एकेक निपल न शोधता बोटाने दाखवत गेले, पुढच्या पाट्याखालचा एक तर मला तोवर सापडलाच नव्हता.